मठातून माजघरात : योगाभ्यासाच्या नित्यनेमाची कथा

ज्येष्ठ वद्य सप्तमीस श्रीतुकाराममहाराजांची पालखी देहूहून निघते आणि मुक्कामामागून मुक्काम करीत बारामतीस येऊन पोचते. तेथून काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी असा तिचा मार्ग आहे. काटेवाडीस पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात व मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीस आणि इंदापुरास अश्व धावतात. सराटीस पादुकांना नीरास्नान घडले म्हणजे पालखी नदी ओलांडून सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली हा पालखीसोहळा सुरू केला, असे परंपरा सांगते. त्यास आता तीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

या सोहळ्याचा भक्तिभाव सर्वांस परिचित आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एवढा पल्ला चालून जाणाऱ्यांत पैलवान थोडे असतात. डोईवर तुळशीवृंदावन घेतलेली म्हातारी, गुडघे धरलेला शेतकरी, वर्षभर गादीवर बसून हिशेब लिहिणारा दुकानदार, अशीच माणसे पुष्कळ. ही माणसे चालू शकतात याचे कारण असे की, रोजचा टप्पा ठरलेला असतो, दिंडीची चाल ठरलेली असते, काकड्याची आणि हरिपाठाची वेळ ठरलेली असते. आज अंगात उत्साह आहे म्हणून दोन मुक्काम एकदम गाठावेत, असे कोणाच्या मनात आले तरी दिंडी त्यास तसे करू देत नाही. उद्या पाय दुखतात म्हणून कोणी मागे रेंगाळला, तर शेजारचा वारकरी त्याच्या हाताला धरून त्यास पुढे नेतो. शरीर सामान्यच असते. व्यवस्थेच्या आधाराने ते असामान्य अंतर तोडते.

आता दुसरे चित्र पाहावे. शहरातील एखादा सुशिक्षित गृहस्थ पन्नाशीच्या उंबरठ्यावर वैद्याच्या सांगण्यावरून योगासने करण्याचा संकल्प सोडतो. नवी सतरंजी येते, पुस्तक येते, पहाटेचा गजर लावला जातो. पहिल्या दिवशी तास, दुसऱ्या दिवशी सव्वा तास. आठव्या दिवशी पाठ धरते, पंधराव्या दिवशी पाहुणे येतात आणि महिना संपण्याच्या आत सतरंजी माळ्यावर जाते. अशा मनुष्यास आपल्या भाषेने फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. ते नाव म्हणजे ‘आरंभशूर’. ज्या अर्थी हा शब्द इतका रूढ आहे, त्या अर्थी हा दोष आजकालचा नव्हे. मठातला योग घरात आणताना महाराष्ट्रातील काही थोर पुरुषांना याच दोषाशी झुंजावे लागले. त्यांनी काय केले हे पाहिले, तर आज आरंभ करणाऱ्याच्या पदरी पुष्कळ काही पडेल.

मुळात योगशास्त्राच्या आद्य आचार्यांना ही अडचण पूर्णपणे ठाऊक होती. पतंजलींनी अभ्यासाची व्याख्या करताना आसन किती कठीण आहे याचा विचारच केलेला नाही. अभ्यास पुष्कळ काळ चालावा, मध्ये खंड पडू नये आणि तो आदराने व्हावा, म्हणजे त्याची मुळे घट्ट रुजतात, एवढाच त्यांच्या सांगण्याचा भावार्थ. साधनेच्या आड येणाऱ्या ज्या नऊ विघ्नांची त्यांनी गणना केली, त्यांत आजार आहे, संशय आहे, तसाच आळसही आहे. हठयोगाचा प्रसिद्ध ग्रंथ ‘हठप्रदीपिका’ हाही अतिभोजन आणि अतिश्रम या दोहोंस योगाचा नाश करणारे मानतो आणि तरुण, वृद्ध, रोगी, दुर्बळ यांपैकी कोणीही आळस टाकून अभ्यास केल्यास त्यास सिद्धी मिळते, असे आश्वासन देतो. शास्त्राने अशक्तास दार बंद केलेले नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मराठी वाचकास हा विषय परका नव्हता. नेवासे येथे १२९० साली सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात आसनाचे, बंधांचे आणि कुंडलिनीच्या जागृतीचे वर्णन खुद्द आपल्या भाषेत आले आहे. आहार मोजका, चालणे मोजके, बोलणे आणि झोपही मोजकी असावी, हा गीतेतला उपदेश तेथे ज्ञानदेवांनी विस्ताराने उलगडला आहे. असे असूनही पुढील कित्येक शतके प्रत्यक्ष योगाभ्यास हा गोसाव्यांचा आणि संन्याशांचा विषय समजला गेला. विद्या गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी जावयाची. ती उघड सांगावयाची नाही, असा दंडक होता. संसारी माणसाने त्या वाटेस गेल्यास त्याचे डोके फिरते किंवा संसार मोडतो, अशी भीतीही लोकांत रुजलेली होती.

संसारी माणसाच्या अंगी नित्यनेम नव्हता, असा मात्र याचा अर्थ नाही. स्नानसंध्या होती, तालीम होती, वारी तर होतीच. कऱ्हेकाठच्या याच बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंतांनी आपले बहुतेक आयुष्य घालविले. पंत १७२९ साली जन्मले आणि १७९४ साली निवर्तले. ते पुराण सांगून प्रपंच चालविणारे गृहस्थ होते. परंतु या गृहस्थाने शंभरांवर रामायणे रचिली आणि त्यांतल्या कित्येकांस स्वतःच कठोर बंधने घालून घेतली. ‘निरोष्ठ रामायणा’त तर ओठांनी उच्चारले जाणारे वर्णच त्यांनी टाळले. एवढी रचना लहरीवर होत नसते. मुलेबाळे, पाहुणे, सणवार आणि आजारपण यांच्या गर्दीतून रोजचा थोडा वेळ राखून ठेवणारासच ती साधते. जे पंतांस आर्येच्या बाबतीत साधले, ते सामान्य गृहस्थास आसनाच्या बाबतीत का साधू नये, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी प्रथमच गंभीरपणे विचारला गेला.

त्यास पहिले उत्तर मुंबईजवळ वर्सोवा येथे मिळाले. श्रीयोगेंद्र यांनी १९१८ साली तेथे ‘द योग इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन केली. ते स्वतः गृहस्थाश्रमी होते आणि योग हा घरात राहून करावयाचा आहे, याविषयी त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली स्त्रियांसाठी योगशिक्षणाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी घरातील स्त्रीने व्यायाम करावा ही कल्पनाच अनेकांस चमत्कारिक वाटत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या पुस्तकाचे महत्त्व कळून येते.

दुसरे उत्तर पुणे जिल्ह्यातच, लोणावळ्यास मिळाले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ सालचा. बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांकडे त्यांनी व्यायामविद्येचे धडे घेतले आणि मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्यापाशी योगाची दीक्षा घेतली. श्रीयोगेंद्र हेही याच माधवदासजींचे शिष्य. कुवलयानंदांच्या मनाची ठेवण शास्त्रज्ञाची होती. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने व दाब मोजण्याच्या उपकरणांनी तपासून पाहिले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून आपले प्रयोग छापून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. गुप्त समजली जाणारी विद्या अशा रीतीने टपालाने घरोघर जाऊ लागली.

आरंभ करणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीने कुवलयानंदांचे कार्य फार मोलाचे आहे. त्यांनी आसनांना क्रम लावून दिला. सर्वांना सर्व आसने सारखी मानवत नाहीत, म्हणून शक्ती आणि वेळ पाहून अभ्यास कमीअधिक करावा, हे त्यांनी स्पष्ट केले. योगाभ्यास संपवून उठताना माणसास दमल्यासारखे न वाटता ताजेतवाने वाटले पाहिजे, ही त्यांच्या पद्धतीची कसोटी होती. तालमीत घाम गाळण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला ही कसोटी नवी होती. जोर-बैठकांत जितके अधिक तितके चांगले, असा समज. येथे मात्र नेमके माप ओळखणे हेच कौशल्य.

तिसरा प्रयोग सातारकडील औंध संस्थानात झाला. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी युजेन सँडो या जगप्रसिद्ध मल्लाच्या पद्धतीने, उपकरणे आणून, वर्षानुवर्षे व्यायाम केला होता. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या उदाहरणावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि जन्मभर त्यांचेच झाले. दहा अवस्थांचा नमस्कार, त्याबरोबर बीजमंत्रांचा उच्चार, आणि वयाप्रमाणे वाढती संख्या अशी पद्धत त्यांनी बसविली. स्वतःच्या कुटुंबात आणि संस्थानच्या शाळांत ती चालू केली. १९३८ साली लंडन येथे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, तेव्हा औंधच्या माजघरातला हा व्यायाम परदेशी वाचकांपर्यंत जाऊन पोचला. सूर्यनमस्कारांस योग म्हणावे की नाही, याविषयी मात्र मतभेद होते. श्रीयोगेंद्रांना ही सरमिसळ मुळीच मान्य नव्हती. आज दोन्ही एकाच वर्गात शिकविले जातात, म्हणून हा भेद पुसट झाला आहे; परंतु नवशिक्याने तो जाणून घ्यावा. नमस्कारांनी श्वास आणि नाडी वेगवान होतात; आसनांत त्या शांत व्हाव्या लागतात. दोहोंचा उपयोग निराळा आणि मापही निराळे.

चौथी हकीकत पुणे शहराची. १९३७ साली म्हैसूरहून एक अठरा वर्षांचा तरुण डेक्कन जिमखान्यावर योगासने शिकविण्यासाठी सहा महिन्यांच्या बोलीने आला. त्याचे नाव बी. के. एस. अय्यंगार. बालपण क्षय, विषमज्वर आणि हिवताप यांच्या तावडीत गेलेले, मराठी येत नाही, आणि शिष्य म्हणावे तर बहुतेक त्याच्याहून धट्टेकट्टे. अशा स्थितीत त्याने एकच मार्ग धरिला : स्वतःचा अभ्यास एक दिवसही सोडावयाचा नाही. सहा महिन्यांसाठी आलेला तो तरुण पुण्याचाच झाला. १९६६ साली त्यांचा आसनांवरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ निघाला, १९७५ साली पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली आणि २०१४ साली पुण्यातच त्यांनी देह ठेविला. ज्याचे हात पायापर्यंत पोचत नाहीत त्याला पट्टा द्यावा, ज्यास जमिनीवर टेकता येत नाही त्याच्या हाताखाली लाकडी ठोकळा ठेवावा, ज्यास उभे राहवत नाही त्याने खुर्चीचा आधार घ्यावा, हा त्यांच्या शिकवणीतला विशेष. ज्याचे स्वतःचे शरीर एकेकाळी दुबळे होते, त्यालाच दुबळ्या शरीराची अडचण इतकी बारकाईने दिसली, यात नवल नाही.

या चारही ठिकाणांचा इतिहास एकत्र ठेवून पाहिला, तर या सर्वांनी नवशिक्यापुढील अडचण एकाच जागी ओळखलेली दिसते. कठीण आसन ही अडचण नव्हती. उद्या सकाळी पुन्हा सतरंजीवर येऊन बसणे ही अडचण होती. म्हणून कोणी क्रम लावून दिला, कोणी संख्या नेमून दिली, कोणी आधार दिला, कोणी घरातल्या माणसांची सोबत जोडून दिली.

त्यांच्या अनुभवावरून आजच्या गृहस्थास आणि गृहिणीस जो मार्ग निघतो, तो साधा आहे. पहिला महिना पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ घेऊ नये, मग अंगात कितीही उत्साह असो. आरंभी दोन मिनिटे शवासनात पडून श्वास शांत होऊ द्यावा. नंतर ताडासन, पवनमुक्तासन, भुजंगासन, एकेका पायाचे अर्धशलभासन आणि वज्रासन एवढीच आसने, जेथवर शरीर सुखाने जाईल तेथवर, करावीत आणि पुन्हा शवासनाने शेवट करावा. नमस्कार घालावयाचे असल्यास तिनापासून आरंभ करून संख्या सावकाश वाढवावी. पोट रिकामे असावे. अंगाखाली सतरंजी किंवा घोंगडी पुरते. बारामती-इंदापुराकडच्या धनगरी घोंगडीहून चांगले आसन शोधण्यास बाजारात जावे लागत नाही. श्वास कोंडून धरण्याचे प्रयोग पुस्तकावरून मुळीच करू नयेत. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा मणक्याचे दुखणे असणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी, डॉक्टरांस विचारल्यावाचून आणि जाणत्या शिक्षकावाचून आरंभ करू नये. शीर्षासनाचा मोह तर नवशिक्याने टाळलेलाच बरा.

वेळेविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. पहाटेची वेळ उत्तम, हे सर्वच सांगतात. पण ज्या घरात पहाटे चूल पेटवून डबे भरावे लागतात, त्या घरातल्या स्त्रीला ही वेळ कोण देणार? पुष्कळ स्त्रियांचा अभ्यास आळसाने मोडत नाही. तो हाकांनी मोडतो. तिने दुपारचे काम आटोपल्यावर किंवा सायंकाळी दिवेलागणीपूर्वी, जेवणानंतर तीन-चार तासांनी, पंधरा मिनिटे नेमून घ्यावीत, आणि त्या पंधरा मिनिटांत तिला कोणी हाक मारू नये, हा नियम घरातल्या इतरांनी पाळावा. वारीला जाणाऱ्या सासूचा संसार पंधरा-वीस दिवस सुना आणि शेजारणी सांभाळतात. तेथे पंधरा मिनिटांची काय कथा!

एखादा दिवस चुकला तर काय करावे? येथेच बहुतेक आरंभशूर घसरतात. एक दिवस राहिला म्हणजे नेम मोडला, आणि नेम मोडला म्हणजे सर्वच संपले, असे ते धरून चालतात. लंडन येथील विद्यापीठात शहाण्णव माणसांवर सवयींविषयी एक अभ्यास झाला व २०१० च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी सहासष्ट दिवस लागतात, कोणास अठरा तर कोणास दोनशे चोपन्न, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या क्रमात म्हणण्यासारखा अडथळा आढळला नाही. महिन्याभरात सतरंजी माळ्यावर टाकणारा मनुष्य निम्म्या वाटेवरून परत फिरतो, असाच याचा अर्थ.

हा हिशेब बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. हा मुलूख पर्जन्यछायेतला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने तो होरपळला. त्यानंतरच्या दशकात भाटघरच्या धरणाचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने इकडे खेळू लागले, तेव्हा माळरानावर ऊस उभा राहिला. पाऊस एकाच दिवशी धो धो कोसळतो आणि ओढ्याने वाहून जातो. पाटाचे पाणी थोडे येते, पण पाळीने येते, म्हणून पीक त्यावर जगते. याच कालव्याने दुसराही धडा शिकविला. ज्यांनी पाण्याची हाव धरली, त्यांच्या काही जमिनी पाणथळ व खारवट होऊन चोपण बनल्या. पाळी चुकली तर शहाणा शेतकरी पुढच्या पाळीची वाट पाहतो. एकदम दुप्पट पाणी सोडून मुळे कुजवीत नाही. काल चुकलेला अभ्यास आज दुप्पट करून भरून काढू पाहणाऱ्याने हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ साली ठराव करून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन ठरविला आणि २०१५ पासून तो जगभर पाळला जातो. त्या दिवशी मैदाने भरतात, शाळांतील मुले रांगेने आसने करतात. ही आनंदाची गोष्ट आहे. पुष्कळ वर्षी याच सुमारास पालख्याही वाटेवर असतात. योगदिनाचा सोहळा हा वळवाच्या पावसासारखा आहे. त्याने जमीन भिजते, पेरणीची आठवण होते. पुढचे काम मात्र बावीस तारखेस सकाळी, मैदान रिकामे झाल्यावर, ज्याने त्याने आपापल्या घरात करावयाचे असते. तेथे ना बँड असतो ना छायाचित्रकार. सतरंजी अंथरावी, पंधरा मिनिटे घालवावीत आणि ती पुन्हा हाताशी ठेवावी, एवढेच त्या दिवसाचे कर्तव्य. ती माळ्यावर मात्र ठेवू नये.